चकत्यांच्या रांगेतून वीज

प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनिट्झर यांनी 1888 मध्ये कोलेस्टेरिल बेंझोएट तापवलं. ते सुमारे 145 अंशांना वितळलं, पण गढूळच राहिलं. पुढे 178 अंशांच्या आसपास एकदम नितळ झालं. त्या गढूळ अवस्थेचं नाव द्रव-स्फटिक. पदार्थ वाहतो, तरी रेणू शिस्तीत असतात. जवळजवळ नव्वद वर्षं समजूत अशी, की असे रेणू काडीसारखे लांबटच हवेत. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये ती मोडली. (हे नोबेलवाले चंद्रशेखर नव्हेत.) त्यांचे रेणू चकतीसारखे चपटे होते आणि भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक रचले जात.

गंमत पुढेच आहे. चकतीच्या मध्यभागी बेंझिनसारखी कडी असतात. शेजारच्या चकत्यांची इलेक्ट्रॉन-मेघ एकमेकांत शिरतात आणि विद्युतभार चवडीच्या दिशेने सरकतो. कडेच्या हायड्रोकार्बन साखळ्या मात्र वीज अडवतात, म्हणजे प्रत्येक चवड आवरण घातलेली तारच! शिवाय पदार्थ प्रवाही असल्याने, नीट थंड केल्यास रचनेतले बरेच दोष आपोआप बुजतात. सिलिकॉनला हे जमत नाही.

विद्युतभार सरकण्याच्या वेगात मात्र सिलिकॉन हजारो पटींनी पुढे आहे. त्यामुळे संगणकाच्या चिपमध्ये या रेणूंना जागा मिळेल असं मला वाटत नाही. लवचीक, स्वस्त उपकरणांत मिळू शकेल. बाजारात चकत्या आल्या त्या वेगळ्याच कामासाठी: एलसीडी पडदा तिरकस बाजूनेही स्वच्छ दिसावा म्हणून लावलेल्या पातळ फिल्ममध्ये.