सशाचा पिंजरा किती दिवसांनी धुवायचा?

ससा पाळणारे बरेच जण रविवारी एकदाच पिंजरा धुतात. पिंजऱ्याला ते चालतं, लिटर ट्रेला नाही. ट्रेमधलं ओलं गवत नि लेंड्या रोज काढाव्यात आणि दोन-तीन दिवसांनी ट्रे पूर्ण रिकामा करून धुवावा. सशाच्या लघवीतून अमोनिया सुटतो. आपल्याला वास येण्याआधीच जमिनीलगत बसलेल्या त्या इवल्या नाकाला त्रास सुरू झालेला असतो.

ट्रेच्या तळाशी चुन्यासारखा पांढरा थर जमतो ना? तो कॅल्शियमचा. सशाच्या शरीरातलं जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं. साबणाने हात दुखेपर्यंत घासलं तरी तो निघत नाही. पांढरं व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवा, मग घासा, सुटून येतो. फिनेल मात्र नकोच.

धुतल्यावर मूठभर जुनं, कोरडं गवत आणि चार लेंड्या ट्रेमध्ये परत टाका. किळस वाटेल, पण स्वतःचा वास नसला की ससेभाऊ नवी जागा शोधतात, बहुतेकदा तुमची गादी!

पावसाळ्यात जास्त जपा. सशाची मागची बाजू ओली, घाण राहिली तर माश्या तिथे अंडी घालतात आणि अळ्या जिवंत सशाला पोखरतात. म्हणून रोज उचलून शेपटीखाली बघा. साफ करताना लेंड्यांवरही नजर असू द्या. दहा-बारा तासांत एकही दिसली नाही, तर थेट डॉक्टरकडे न्या.