लस कोणासाठी?

माजिवड्याच्या वस्तीतील, धुणीभांडी करणाऱ्या एका बाईने परवा विचारले, “सर, पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर लस निघालीय म्हणतात. माझ्या तपासणीत खराबी निघालीय. मला चालंल का?” मी भाषेचा शिक्षक. उत्तर वाचून शोधावे लागले.

आजची लस प्रतिबंधक आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, २०२२ साली मान्यता मिळालेली ‘सर्व्हाव्हॅक’ही तशीच. तिच्यात पॅपिलोमा विषाणूच्या कवचाचे प्रथिन असते. ते ओळखून शरीर प्रतिपिंडे तयार करते व विषाणूला पेशीबाहेरच अडवते. म्हणून ती मुलींना लागण होण्यापूर्वी द्यायची. बहुतेक लागणी आपोआप जातात. ज्या टिकतात त्यांत विषाणूची ई-६ व ई-७ ही प्रथिने पेशीच्या वाढीचा लगामच निकामी करतात. मग कर्करोगपूर्व अवस्था, आणि काही वर्षांनी काही जणींना कर्करोग. घरात शिरलेल्या चोराला दारावरचा पहारेकरी काय करणार?

उपचारात्मक लस वेगळी. ती ‘टी’ पेशींना ई-६, ई-७ ओळखून बाधित पेशी मारायला शिकवते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशी लस घेतलेल्या सुमारे निम्म्या स्त्रियांची विकृती ओसरली. पण औषधाविना सुया टोचलेल्यांपैकीही सुमारे तीस टक्के स्त्रियांची ओसरली. संशोधन चालू आहे. दवाखान्यात ही लस आलेली नाही.

मग त्या बाईने वाट पाहायची? मुळीच नाही. विकृत भाग गोठवून किंवा तारेने कापून काढता येतो. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १,३१,००० ग्रामीण स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने हे दाखवले. एकदा विषाणू-तपासणी व गरजेनुसार उपचार झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न मिळालेल्या, आकाराने थोड्या लहान गटात ६४. अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

हे ६४ आकडे नव्हेत, बाया आहेत. तुलनेसाठी त्यांना तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, हा वाद पुढे झाला आणि तो व्हायलाच हवा होता. ज्यांच्या देहावर विज्ञान सिद्ध होते, त्यांच्या वस्तीत त्याचे फळ सर्वांत शेवटी का पोचावे?

बाईला मी एवढेच सांगितले: “लेकीला लस द्या. तुम्ही मात्र लशीसाठी थांबू नका. याच आठवड्यात उपचाराला चला.” कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आपापल्या वस्तीत हेच सांगावे, सोबत जावे, आणि सरकारी दवाखान्यात तपासणी हक्काने मागावी.