नंबर कुठे लागेल? अभियांत्रिकी प्रवेशाच्या चाळीस वर्षांचा मागोवा

निकाल लागला की बारावी सायन्सचं मूल असलेल्या घरात एकच प्रश्न घुमायला लागतो : ‘एवढ्यावर कुठे नंबर लागेल?’ हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीही विचारला जात होता आणि आजही विचारला जातो. ‘एवढ्यावर’ म्हणजे कशावर, हे मात्र बदलत गेलं. आधी बारावीचे गुण होते, मग सीईटीचे गुण आले, मध्ये दोन वर्षं जेईई आणि बोर्ड यांची मिसळ झाली आणि 2019पासून पर्सेंटाइल आला. मोजमाप बदललं की ज्यांना नवं गणित लवकर कळतं ती मुलं पुढे जातात, आणि ज्यांना ते सांगणारं कुणी नसतं ती चांगले गुण असूनही मागे राहतात. या चाळीस वर्षांकडे मी त्याच दृष्टीने पाहतो.

बारावीचे गुण हेच सर्वस्व

1983पर्यंत महाराष्ट्रात अभियांत्रिकीची महाविद्यालयं बोटांवर मोजण्याइतकी होती. पुण्याचं सीओईपी 1854चं, मुंबईचं व्हीजेटीआय 1887चं, सांगलीचं वालचंद 1947चं. कराड आणि औरंगाबादची शासकीय महाविद्यालयं 1960ची, त्याच वर्षीचं नागपूरचं विश्वेश्वरय्या महाविद्यालय, म्हणजे आजचं व्हीएनआयटी. अशी आणखी काही नावं घेतली की यादी संपत असे. जागा थोड्या आणि प्रवेश बारावीच्या भौतिक, रसायन आणि गणित या तीन विषयांच्या बेरजेवर.

या पद्धतीत गुण आणि क्रम यांचं नातं सरळ होतं, पण फार क्रूर होतं. वरच्या पट्ट्यात मुलांची दाटी असायची. बेरजेत एक गुण कमी पडला की मधे कितीतरी मुलं येऊन बसायची, आणि मेकॅनिकलऐवजी सिव्हिल, पुण्याऐवजी दुसरं गाव, असा निर्णय त्या एका गुणावर व्हायचा. त्यामुळे बोर्डाचा एकेक गुण मोलाचा झाला. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने सराव परीक्षांची जी काटेकोर शिस्त बसवली, तिचं नाव ‘लातूर पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्रभर झालं. मोठ्या शहराबाहेरची मुलंही वरच्या जागा घेऊ शकतात, हे लातूरने दाखवून दिलं. ते श्रेय त्या गावाला द्यायलाच हवं.

1983मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि जागांचा प्रश्न एकदम पालटला. इंजिनिअर होण्यासाठी राज्याबाहेर जाणारी मुलं इथेच शिकू लागली. सोबत ‘डोनेशन’ हा शब्दही घरोघर पोचला. कमी गुण आणि जास्त पैसे असा दुसरा दरवाजा उघडला. 1993मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात त्याला काही शिस्त लावली. निम्म्या जागा ‘फ्री सीट’ आणि निम्म्या ‘पेमेंट सीट’, आणि दोन्ही गुणवत्तेनुसारच भरायच्या. त्या काळात ‘नंबर लागला’ एवढं सांगून भागत नसे. ‘फ्रीला की पेमेंटला?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असे. त्याच गुणवत्तेतल्या, शेजारशेजारच्या दोन मुलांमध्ये एकाच्या बापाला शेत विकावं लागे आणि दुसऱ्याच्या नाही. पुढे 2002 ते 2005 या काळात टी. एम. ए. पै आणि इनामदार खटल्यांच्या निकालांनी ही विभागणी संपली आणि शुल्क व प्रवेश यांवर देखरेखीची आजची व्यवस्था आकाराला आली.

दोनशे गुणांची सीईटी

बोर्डाच्या विभागांमधली तफावत, सीबीएसईच्या मुलांची तुलना, कॉपीच्या तक्रारी या सगळ्यांवर उपाय म्हणून 2000नंतरच्या काही वर्षांत अभियांत्रिकीला सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, आली. भौतिक 50, रसायन 50, गणित 100, एकूण 200 गुण. चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. एकाच दिवशी, एकाच वेळी राज्यभर एकच पेपर.

शिक्षक आणि पालकांना ही पद्धत सर्वांत लवकर उमगली. पेपर सगळ्यांना एकच असल्याने गुणांवरून क्रम सरळ लागायचा. गेल्या वर्षी अमुक गुणांना अमुक क्रमांक होता, या वर्षी पेपर जरा सोपा गेलाय, म्हणजे तेवढ्याच गुणांना क्रमांक खाली जाणार, हे कोणत्याही तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातले सर सांगू शकत. प्रवेशही पूर्वी समोरासमोर होत. मेरिट नंबरप्रमाणे मुलं सभागृहात बोलावली जात, फळ्यावर उरलेल्या जागांचे आकडे असत आणि आपली वेळ येईपर्यंत हवी ती जागा शिल्लक राहील का, हे डोळ्यांसमोर दिसे. दूरच्या गावाहून रात्रीचा प्रवास करून यावं लागे, गैरसोय मोठी होती. पण आपल्या आधी कोण होतं, कोणती जागा कधी संपली आणि आपल्याला का मिळाली नाही, याबद्दल मुलाच्या मनात शंका उरत नसे.

याच काळात गणिताचं वजनही वाढलं. 200पैकी 100 गुण एकट्या गणिताचे. आजही तेच आहे, आणि दोन मुलांचा एकूण पर्सेंटाइल सारखा आला तर कोण पुढे हे ठरवताना आधी गणित पाहिलं जातं, मग भौतिकशास्त्र. क्रमाच्या वरच्या टोकाला प्रवेश बहुतेक गणितावरच ठरतो, हे अकरावीतच मुलांना सांगायला हवं.

दोन वर्षांची ओढाताण

2014 आणि 2015 ही दोन वर्षं राज्याने स्वतःची सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन स्वीकारली. निम्मं वजन जेईईला, निम्मं बारावीला. देशपातळीवरही एनआयटीच्या प्रवेशात तेव्हा बोर्डाला 40 टक्के वजन होतं. हेतू चांगला होता. मुलांनी एकच परीक्षा द्यावी आणि बारावीचा वर्ग ओस पडू नये. अंमलबजावणीत मात्र गोंधळ झाला. वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका पातळीवर आणण्यासाठी आधी प्रत्येक बोर्डातला पर्सेंटाइल काढायचा, मग त्याचं जेईईच्या गुणांत रूपांतर करायचं आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. आपल्या मुलाचा क्रम कशाने वर गेला आणि कशाने खाली आला, हे घरी कुणालाच सांगता येईना.

शिवाय जेईईत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात. सीईटीच्या सवयीने एकही प्रश्न न सोडणारी आपली मुलं 360 गुणांच्या त्या पेपरात अडखळली. शहरातल्या मोठ्या क्लासमध्ये जेईईची तयारी आधीपासून चालू होती, तालुक्यात नव्हती. त्या दोन वर्षांत ही दरी उघडी पडली. 2016मध्ये राज्य पुन्हा सीईटीकडे वळलं, 2017मध्ये जेईई मेननेही क्रम ठरवताना बोर्डाचं वजन काढून टाकलं. बारावीचे गुण तेव्हापासून पात्रतेपुरते उरले : आता खुल्या वर्गाला 45 टक्के, मागासवर्गीयांना 40. त्याची किंमत आपण आजही मोजतो आहोत. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत हजेरी कागदावर असते आणि मुलं क्लासमध्ये.

पर्सेंटाइल आला, आणि गुण दिसेनासे झाले

2019मध्ये सीईटी संगणकावर गेली. लाखो मुलांना एका वेळी संगणकासमोर बसवणं शक्य नाही, म्हणून परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होऊ लागली. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, काठिण्य वेगळं. मग गुणांची थेट तुलना अन्यायाची ठरते. त्यावरचा उपाय म्हणजे पर्सेंटाइल.

त्याचा हिशोब असा. समजा तुमच्या सत्रात 25,000 मुलं बसली आणि त्यांतल्या 24,500 जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळाले. 24,500 भागिले 25,000 गुणिले 100, म्हणजे तुमचा पर्सेंटाइल 98. तुम्हाला 200पैकी किती मिळाले याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. अवघड सत्रात 120 गुणांना जो पर्सेंटाइल मिळेल, तो सोप्या सत्रात 135लाही मिळणार नाही. प्रत्येक सत्रातल्या सर्वोच्च गुणांच्या मुलाला 100 मिळतो, म्हणून दरवर्षी 100 पर्सेंटाइलवाले अनेक असतात.

तत्त्व म्हणून हे न्याय्य आहे. पण ते प्रत्येक सत्राचा पेपर निर्दोष असण्यावर उभं आहे. 2025मध्ये 27 एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या 21 प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले आणि त्या सत्रातल्या हजारो मुलांची परीक्षा 5 मे रोजी पुन्हा घ्यावी लागली. ज्या परीक्षेत दशांशाच्या सातव्या स्थानापर्यंत क्रम मोजला जातो, तिथे एवढी मोठी चूक होणं अक्षम्य आहे.

त्याआधी कोविडच्या काळात या परीक्षेवर आणखी मोठा भार आला होता. 2020ची सीईटी ऑक्टोबरपर्यंत लांबली. 2021मध्ये बारावीची लेखी परीक्षाच झाली नाही आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावावा लागला. त्या वर्षी मुलांची तुलना करायला सीईटीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

98 म्हणजे कितवा?

सर्वांत मोठी फसगत होते ती इथे. पर्सेंटाइल म्हणजे मेरिट नंबर नव्हे. 2022च्या सुमाराला पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात अडीच लाखांच्या आसपास मुलं बसत होती. 2025मध्ये हा आकडा चार लाखांच्या पुढे गेला. आता हिशोब करा. अडीच लाखांत 98 पर्सेंटाइलच्या पुढे साधारण 5,000 मुलं असतात. चार लाखांत 8,000. पर्सेंटाइल तोच, क्रमांक 3,000नी मागे. उलटं पाहिलं तर, एखाद्या ब्रँचची शेवटची जागा 2,500व्या क्रमांकाला जात असेल, तर पूर्वी तिथे 99 पुरत होते, आता 99.37 लागतील. ‘कटऑफ वाढला’ अशी हाकाटी होते तेव्हा पुष्कळदा फक्त परीक्षार्थी वाढलेले असतात.

यात दिलासाही आहे. सगळेच परीक्षार्थी प्रवेश प्रक्रियेत उतरत नाहीत. कुणी आयआयटी-एनआयटीला जातं, कुणी नोंदणीच करत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष मेरिट नंबर या हिशोबापेक्षा पुढचा येतो. संगणक शाखेच्या जागाही अलीकडे बऱ्याच वाढल्या आहेत.

आता कटऑफची यादी उघडून बघा. महाविद्यालय आणि ब्रँचच्या नावाखाली कोड असतात : जीओपनएच, एलओपनएच, जीओपनओ, जीओपनएस, टीएफडब्ल्यूएस (शुल्कमाफी), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल). सुरुवातीचा ‘जी’ सर्वसाधारण, ‘एल’ मुलींसाठी. मधे प्रवर्ग. शेवटचा ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ‘ओ’ म्हणजे तिच्याबाहेरचे, ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. जिथे विद्यापीठनिहाय वाटप आहे तिथे 70 टक्के जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना. प्रत्येक कोडखाली दोन आकडे असतात. वरचा पूर्ण आकडा मेरिट नंबरचा, कंसातला पर्सेंटाइलचा. पानाच्या तळाशी हे बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं. पालक कंसातला आकडा वाचतात आणि आपल्या मुलाच्या पर्सेंटाइलशी लावून बघतात. तुलना मेरिट नंबरची करायला हवी, आणि तीही आपल्याच कोडच्या रकान्यात. परभणीच्या मुलीने पुण्यातल्या महाविद्यालयाचा ‘एच’चा रकाना वाचून आशा धरली किंवा सोडली, तर दोन्ही चूक.

ऑप्शन फॉर्मचं महत्त्व

आज सभागृहातला फळा गेला, कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) राउंड आले. संगणक मेरिट नंबरच्या क्रमाने एकेका मुलाचा ऑप्शन फॉर्म घेतो आणि त्यातला जो वरचा पर्याय शिल्लक असेल तो देतो. म्हणून अवघड वाटणारं महाविद्यालय वर लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही. ‘मिळणार नाही, कशाला लिहायचं?’ म्हणून वगळलेलं महाविद्यालय मात्र नक्की हुकतं. 2025पासून नियमही कडक झाले. चार फेऱ्या, पण पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तोच अंतिम, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळाला तर अंतिम. ‘भरून ठेवू, नंतर बघू’ ही जुनी चाल आता अंगाशी येते. परीक्षेतल्या एका गुणासाठी दोन वर्षं झिजणारी मुलं हा फॉर्म सायबर कॅफेत तासाभरात, दुसऱ्याच्या सल्ल्याने भरतात, हे मला पाहवत नाही.

चाळीस वर्षांचा निष्कर्ष मी असा काढतो. मोजमाप पूर्वीपेक्षा अधिक न्याय्य झालं आहे. डोनेशनचा दरवाजा बराच अरुंद झाला, बोर्डाबोर्डांतली तफावत संपली, सत्रांमधला फरकही पुसला गेला. पण दर बदलाबरोबर हे मोजमाप सामान्य घराला कळेनासं होत गेलं, आणि ते समजावून सांगण्याचे आता हजारो रुपये घेतले जातात. जी माहिती शासन फुकट प्रसिद्ध करतं, ती वाचून दाखवण्याचा धंदा चालावा, हे सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेचं अपयश आहे. सीईटी कक्षाने प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात, मराठीतून, अर्ज सुरू होण्याआधी हा हिशोब शिकवण्याची जबाबदारी घ्यावी. तोवर शिक्षकांनी ती घ्यावी.

आणि पालकहो, कुणाला पैसे देण्याआधी मागच्या दोन वर्षांच्या कटऑफ याद्या उतरवून घ्या, आपल्या कोडचा रकाना शोधा, मेरिट नंबर वाचा आणि मुलाला जे खरंच शिकायचं आहे ते सगळ्यात वर लिहा.