सहा डिसेंबरला निघताना कुत्रा कोणाकडे ठेवायचा?

सहा डिसेंबर जवळ आला की वडीगोद्रीच्या वस्तीत तयारी सुरू होते. कोणी जालन्याहून रेल्वेने निघतो, कोणी मिळून जीप करतो. शेळ्या कोणाकडे, म्हातारीला जेवण कोण देणार, हे आठवडाभर आधी ठरते. कुत्र्याचे मात्र निघायच्या सकाळी आठवते. अजून सव्वा-दीड महिना हातात आहे, म्हणून आताच लिहितो आहोत.

आमचीच चूक आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही आमचा मोती पहाटे शेजारच्या ओट्याला बांधला आणि निघालो. त्या ओट्यावर तो कधी बसलेला नव्हता. रात्रभर ओरडला, भाकरीला तोंड लावले नाही. दुसऱ्या दिवशी शेजारचा सहा वर्षांचा पोरगा भाकरी पुढे सरकवायला गेला, तर मोतीने हाताला दात लावले. आम्ही दादरला रांगेत असताना फोन आला. शेजारीण एवढेच विचारत होती, "कुत्र्याला लस टोचली होती का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. पोराला सगळी इंजेक्शने घ्यावी लागली. पोरगा ठणठणीत आहे, मोतीही. पण त्या माउलीच्या डोळ्याला डोळा लावायला आम्हाला बरेच दिवस लागले.

रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून दुसऱ्याच्या दारात कुत्रा ठेवायचा तर आधी लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुढची, आणि नंतर दरवर्षी. पहिली लस अंगी लागायला तीन-चार आठवडे जातात. आदल्या दिवशी टोचून आणली तर सहा डिसेंबरला तिचा भरवसा नाही. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लस कोणत्या दिवशी मिळते, ते या आठवड्यातच विचारा. जंताचे आणि गोचिडाचे औषधही त्याच खेपेला मागून घ्या. कार्ड जपून ठेवा. शहरात पैसे घेऊन कुत्री सांभाळणारी चांगली ठिकाणे कार्ड पाहिल्याशिवाय कुत्रा आत घेत नाहीत. मग शेजारणीने तरी का घ्यावा?

आता सवय. ज्या घरी ठेवायचा, तिथे आठ-पंधरा दिवस आधीपासून न्या. आधी तासभर तुम्ही सोबत बसा. मग तिथेच भाकरी द्या, तीही त्या घरातल्या एकाच मोठ्या माणसाच्या हातून. मग एक रात्र ठेवून पाहा. ओरडला तर धावत जाऊन आणू नका, पण सकाळी लवकर जा. निघताना तुमच्या अंगाचा वास असलेली जुनी चादर किंवा गोधडी त्याच्याखाली द्या. डिसेंबरच्या थंडीत ती तशीही लागतेच. खाणे रोजचेच ठेवा. पाहुणा म्हणून कोंबडीची शिजलेली हाडे टाकू नयेत. ती फुटून घशात, आतड्यात रुततात. लहान मुलांनी तो खाताना, झोपलेला असताना जवळ जायचे नाही, हे त्या घरच्या पोरांना तुम्ही स्वतः सांगा. राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा बाबासाहेबांचा कुटुंबासोबतचा फोटो पुष्कळ घरांत आहे. त्यात माता रमाई, यशवंतराव यांच्यासोबत टॉबी कुत्राही आहे. तो दाखवत सांगितले तर पोरे ऐकतात.

आपल्या गावाला आणखी एक धोका आहे, तो धुळे-सोलापूर महामार्गाचा. मोकळा कुत्रा जीपच्या मागे थेट फाट्यापर्यंत पळत येतो. म्हणून गाडी येण्याआधीच त्याला शेजारी नेऊन बांधा. पट्टा घट्ट नको, दोन बोटे आत गेली पाहिजेत. साखळी पाण्यापर्यंत आणि सावलीपर्यंत पुरली पाहिजे.

एवढे करूनही दात लागलाच तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, कुत्र्याला लस दिलेली असली तरीही. दंडाच्या कातडीत देतात ती लस पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. एकही तारीख चुकवू नका. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत द्यायचे सीरम लागते, त्यासाठी जालन्याला पाठवले तर टाळाटाळ नको. कुत्र्याला मारू नका, हाकलू नका. दहा दिवस बांधून नजर ठेवा. दहा दिवस तो धडधाकट राहिला, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे डॉक्टर धरतात. पण इंजेक्शन सुरू करायला त्या दहा दिवसांची वाट पाहायची नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचे वेगळे. पाच-सहा महिन्यांसाठी शेजाऱ्याच्या गळ्यात कुत्रा घालणे बरे नाही, आणि बहुतेक जण तो बरोबरच नेतात. तिथे आई-बाप फडात असताना कोपीजवळ लहान पोरे आणि कुत्रा दिवसभर एकत्र असतात. त्यामुळे त्यांनी तर लस गाव सोडण्याआधीच उरकावी, आणि कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत घालून सोबत न्यावे.