निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कॉव्हेंट्री

इंग्लंडमध्ये रग्बी युनियनच्या क्लबांसाठी देशव्यापी बाद पद्धतीची स्पर्धा सुरू झाली ती १९७१-७२ च्या हंगामात. दुसऱ्याच वर्षी, १९७३ मध्ये, ट्विकेनहॅमच्या मैदानावर कॉव्हेंट्रीने ब्रिस्टलला २७-१५ असं हरवून चषक नेला. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात समोर लंडन स्कॉटिश होता आणि निकाल होता २६-६. सलग दोन वर्षं इंग्लंडमध्ये या संघाला तोड नव्हती. आज हाच कॉव्हेंट्री दुसऱ्या श्रेणीत खेळतो. १९८७ साली लीग सुरू झाल्यापासून वरच्या श्रेणीत त्याच्या वाट्याला एकच हंगाम आला, तो म्हणजे पहिला. हे कसं झालं हे समजून घ्यायचं तर आधी शहराकडे पाहायला हवं, कारण क्लबची चढण आणि उतरण या शहराच्या चढ-उताराला धरूनच झाली.

कॉव्हेंट्री हे मध्य इंग्लंडमधलं कारागिरांचं गाव. आधी रेशमी रिबिनी विणणारं आणि घड्याळं बनवणारं. ते धंदे बसले तेव्हा त्याच हातांनी सायकली घडवायला घेतल्या. मागच्या चाकाला साखळीने गती देणारी, आजच्या सायकलीची पूर्वज ठरलेली ‘रोव्हर’ १८८५ मध्ये इथेच तयार झाली. सायकलीतून मोटारसायकली आल्या, मोटारी आल्या. जॅग्वार इथलीच, आणि २००८ पासून ती टाटांच्या मालकीची असल्यामुळे मराठी वाचकाला निदान कारखान्यांच्या अंगाने तरी हे नाव परकं नाही. ज्या गावाने या खेळाला नाव दिलं ते रग्बी इथून जेमतेम वीस किलोमीटरवर. कॉव्हेंट्रीच्या रग्बी क्लबची स्थापना १८७४ ची.

त्या काळी रग्बी युनियन हा बव्हंशी खासगी निवासी शाळांतून शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांचा खेळ होता. खेळून पैसा घेणं हे पाप मानलं जाई. कामगारवस्तीतल्या खेळाडूला शनिवारची मजुरी बुडवून सामन्याला जावं लागे. तेवढीच बुडालेली मजुरी भरून द्यावी, इतकी साधी मागणी उत्तरेतल्या क्लबांनी केली होती. ती नाकारली गेली म्हणून १८९५ मध्ये ते वेगळे झाले आणि त्यांच्या ‘नॉर्दर्न युनियन’मधून पुढे रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ उभा राहिला. कॉव्हेंट्री युनियनमध्येच राहिलं, पण इथला खेळाडूही कारखान्यातलाच होता. १९०९ मध्ये खेळाडूंना पैसे दिल्याच्या आरोपावरून रग्बी फुटबॉल युनियनने या क्लबला निलंबित केलं. त्यानंतर १९१० मध्ये शहरात नॉर्दर्न युनियनचा एक क्लब निघाला, बट्स भागातल्या मैदानावर खेळला आणि तीन वर्षांत बंद पडला. मला या प्रसंगात क्लबचा दोष दिसत नाही. ज्याचं पोट आठवड्याच्या मजुरीवर आहे त्याला हौशीपणाचे नियम लावले, तर गुन्हेगार तोच ठरणार. शहाऐंशी वर्षांनी, १९९५ मध्ये, खेळाच्या जागतिक संघटनेने मानधन खुलं केलं, तेव्हा १९०९ च्या त्या शिक्षेची कुणाला आठवणही झाली नसेल.

१९२१ मध्ये क्लब काउंडन रोडला गेला आणि तिथे ८३ वर्षं राहिला. कॉव्हेंट्रीचा सुवर्णकाळ म्हणतात तो याच मैदानावरचा. दुसऱ्या महायुद्धात, १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री, जर्मन विमानांनी शहराचा मध्यभाग आणि जुनं कॅथेड्रल बेचिराख केलं. युद्ध संपल्यावर शहर पुन्हा उभं राहू लागलं, कारखान्यांना माणसं पुरेनात, देशभरातून लोक कामाला येऊ लागले. रग्बीही त्याच जोमाने वाढली. आयव्हर प्रीस यांनी इंग्लंडचं नेतृत्व केलं. पुढे त्यांचा मुलगा पीटर प्रीसही काउंडन रोडवरूनच इंग्लंडच्या संघात गेला. विंगर, म्हणजे कडेने धावणारे, पीटर जॅक्सन यांनी १९५८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध अखेरच्या क्षणांत बचावपटूंना चकवत कोपऱ्यात केलेला ट्राय (म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं) ट्विकेनहॅमच्या इतिहासात गणला जातो. पहिल्या फळीतले फिल जड १९६७ मध्ये इंग्लंडचे कर्णधार झाले.

तेव्हा इंग्लंडमध्ये क्लबांची लीग नव्हती. कोणी कोणाशी खेळायचं हे जुन्या ओळखीवर आणि पत्रव्यवहारावर ठरे. गुणतक्ता नाही, चढती-उतरती श्रेणी नाही. ताकद मोजायची तर काउंटी अजिंक्यपद हीच मोठी स्पर्धा. १९५८ ते १९६५ या आठ हंगामांत कॉव्हेंट्री ज्या काउंटीत होतं त्या वॉरिकशरने ती सात वेळा जिंकली आणि त्या संघाचा कणा कॉव्हेंट्रीच्या खेळाडूंचा होता. क्लबच्या नावावर चषक नाही, तरी प्रतिस्पर्ध्यांना कळत होतं की सामना कॉव्हेंट्रीशी आहे. लीग आधी असती तर या काळातली किती विजेतेपदं कॉव्हेंट्रीच्या नावावर लागली असती, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

या सगळ्या खेळाडूंत सर्वाधिक लाडका डेव्हिड डकहॅम. जन्म १९४६, कॉव्हेंट्रीचाच; सोनेरी केस, लांब टांगा, आणि धावता धावता कमरेतून एक झुकांडी देऊन समोरच्याला जागच्या जागी खिळवून ठेवण्याची कला. इंग्लंडकडून ३६ सामने आणि १० ट्राय हा हिशेब त्याच्या खेळाला न्याय देत नाही, कारण त्या काळचा इंग्लंडचा संघ चेंडू विंगरपर्यंत फारसा पोचवतच नसे. चेंडू मिळाला की काय होतं ते ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या ‘लायन्स’ संघाच्या १९७१ च्या दौऱ्यात न्यूझीलंडने पाहिलं: वेस्ट कोस्ट-बुलर संघाविरुद्ध एकाच सामन्यात त्याने सहा ट्राय केले. जानेवारी १९७३ मध्ये कार्डिफला ‘बार्बेरियन्स’ या निमंत्रितांच्या संघाने न्यूझीलंडला हरवलं, त्या संघातही तो होता. वेल्सच्या प्रेक्षकांना तो इतका भावला की त्यांनी त्याला ‘डाय’ (डेव्हिडचं वेल्श रूप) म्हणायला सुरुवात केली, म्हणजे थेट आपल्यातलाच करून टाकलं. इंग्लिश रग्बीपटूला वेल्समध्ये याहून मोठा मान मिळणं कठीण. आणि याच खेळाडूने त्याच वर्षी काउंडन रोडच्या निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांत ट्विकेनहॅमचा चषक जिंकला. २०२३ च्या जानेवारीत तो गेला.

मग कारखाने आटू लागले. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून मोटारधंद्याला उतरती कळा लागली, ऐंशीच्या दशकात शहरात बेकारी पसरली. नेमक्या याच काळात, १९८७ मध्ये, लीग आली. जुना दबदबा म्हणून कॉव्हेंट्रीला वरच्या श्रेणीत जागा मिळाली, पण संघ आता तेवढा भक्कम नव्हता. पहिल्याच हंगामात दोन क्लब खाली घसरले: सेल आणि कॉव्हेंट्री. सेल परत वर आला आणि २००६ मध्ये इंग्लंडचा विजेता झाला. कॉव्हेंट्रीला तो रस्ता सापडला नाही. सगळ्यात जवळ तो १९९७ मध्ये पोचला होता, पण बढतीच्या लढतीत लंडन आयरिशने त्याला रोखलं. व्यावसायिक युगात पैसेवाल्या आश्रयदात्याशिवाय वर टिकणं अवघड झालं होतं. पुढे क्लब आर्थिक अडचणीत सापडला. २००४ मध्ये काउंडन रोड सोडावं लागलं, तिथे घरं झाली, आणि क्लब बट्स पार्क अरीनात आला. २००९-१० मध्ये तर आर्थिक संकट आणि घसरण एकाच हंगामात आली. तिसऱ्या श्रेणीत आठ वर्षं काढून २०१८ मध्ये विजेता म्हणून तो परतला.

तिसऱ्या श्रेणीतली ती वर्षं चालू असतानाच शहरात पाहुणा आला. लंडनचा वास्प्स, १८६७ चा नामांकित क्लब, दोनदा युरोपचा विजेता, २०१४ च्या डिसेंबरात कॉव्हेंट्रीच्या बत्तीस हजार आसनांच्या मोठ्या स्टेडियममध्ये मुक्कामाला आला. स्थानिक क्लबचे प्रेक्षक आणि प्रायोजक तो ओढून नेईल अशी भीती वाजवी होती. पण वास्प्सने उभारलेलं कर्ज त्यांना पेललं नाही आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये कारभार प्रशासकांच्या हाती जाऊन वरच्या श्रेणीतला तो संघ संपला. वूस्टर क्लबही त्याच शरद ऋतूत कोसळला, लंडन आयरिश पुढच्या वर्षी. दुसऱ्या श्रेणीचा २०२३ चा विजेता जर्सी रेड्स तर विजेतेपदानंतर काही महिन्यांतच बंद पडला. या पडझडीत बट्सवरचे सामने चालू राहिले. यात मला क्लबच्या माणसांचं खरं कर्तृत्व दिसतं. मिळकतीच्या बेताने संघ उभा करणं हे चषकासारखं मिरवता येत नाही, पण त्या काळात तेच सर्वात दुर्मीळ झालं होतं.

अन्याय म्हणावा असं मात्र अजून बरंच आहे. २०२० मध्ये रग्बी फुटबॉल युनियनने दुसऱ्या श्रेणीच्या क्लबांचं अनुदान जवळपास निम्म्यावर आणलं. वर जायचं तर दहा हजार एक प्रेक्षकांचं स्टेडियम हवं, ही तेव्हाची अट लावून २०२२ मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या विजेत्या ईलिंगला बढती नाकारली गेली. बट्सची क्षमता याच्या निम्म्याच्या आसपास. मैदानावर सगळे सामने जिंकूनही सिमेंटच्या पायऱ्या कमी पडल्या म्हणून दार बंद, असं सांगितल्यावर एखाद्या तरुण खेळाडूने या श्रेणीत का थांबावं? २०२५-२६ पासून ही श्रेणी ‘चॅम्प रग्बी’ या नव्या नावाने चौदा संघांची झाली आहे. तिच्यात कॉव्हेंट्री आहे, १९७४ च्या अंतिम सामन्यातला लंडन स्कॉटिश आहे, आणि पुन्हा उभा राहिलेला वूस्टरही आहे.