नैराश्याचे उपचार: उशिरा सुरू, लवकर बंद

नैराश्याने आजारी असलेला माणूस दवाखान्यात येऊन "मी उदास आहे" असे क्वचितच सांगतो. अंगात त्राण नाही, डोके जड असते, पाठ भरून येते, तोंडाला चव नाही, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही, अशा त्याच्या तक्रारी असतात. मग रक्त तपासले जाते, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शने होतात, अशक्तपणासाठी सलाईन लावले जाते, झोपेची गोळी लिहून दिली जाते. घरी दृष्ट काढून होते. कुणी देवऋषाकडेही नेऊन आणते. हे सगळे काळजीपोटीच चाललेले असते, पण त्यात महिने जातात.

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. दर २० प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार झालेला होता. पाहणीच्या वेळी जे आजारी होते त्यांच्यापैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना होते. आजाराच्या प्रमाणापेक्षा हा दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो, कारण या आजारावर उपचार आहेत आणि त्यातले बरेचसे फार महागही नाहीत. ते उशिरा सुरू होतात आणि लवकर बंद पडतात. दोन्हींमागे काही पक्क्या समजुती आहेत. त्यांतल्या ज्या सर्वांत जास्त वेळ खातात, त्यांच्याविषयीच इथे लिहितो आहे.

"सगळं व्यवस्थित आहे, मग हिला दुःख कसलं?"

नोकरी आहे, घर आहे, मुले शिकताहेत, तरीही ही गप्प का, असा प्रश्न नातेवाईक विचारतात. कारण सापडले नाही की "नाटक" हा शब्द येतो. आणि कारण सापडले तर उलटेच होते: "एवढं घडल्यावर कुणालाही वाईट वाटणारच" असे म्हणून आजार दुर्लक्षित राहतो.

तीव्र नैराश्याचे निदान कारणावरून होत नाही, लक्षणांवरून होते. मन सतत उदास असणे आणि कशातच रस न वाटणे, या दोन मुख्य खुणा. त्यांच्या जोडीला झोप व भूक बिघडणे, थकवा, हालचाल किंवा बोलणे मंदावणे अथवा उलट जिवाची तगमग होणे, लक्ष न लागणे, आपण कुचकामी किंवा अपराधी आहोत असे वाटणे आणि मरणाचे विचार. अशा नऊपैकी किमान पाच गोष्टी, त्यांत दोन मुख्यांपैकी एक तरी, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, सलग दोन आठवडे असतील आणि रोजची कामे अडू लागली असतील, तर डॉक्टर हे निदान करतात. त्याआधी थायरॉईड, रक्तक्षय, दारू, चालू असलेली औषधे यांतून हे सगळे उद्भवले नाही ना, हे पाहावे लागते. म्हणून सुरुवातीच्या रक्ततपासण्या वाया जात नाहीत. त्या नॉर्मल आल्यावर "काही झालेलं नाही" असे सांगून पेशंटला घरी पाठवले जाते, चूक तिथे होते.

माणूस गेल्याचे दुःख असेल तर ते सहसा लाटांसारखे येते; मध्येच एखाद्या आठवणीने हसूही येते, आणि स्वतःविषयीचा आदर शाबूत असतो. नैराश्यात तो आदरच झिजतो. आपण इतरांवर ओझे आहोत ही खात्री वाढत जाते. अर्थात दुःखातूनही हा आजार सुरू होऊ शकतो, त्यामुळे मागे मोठे कारण आहे म्हणून उपचार टाळू नयेत.

कारणांचे म्हणाल तर एकच एक बोट दाखवता येत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण एक तृतीयांशाहून थोडा अधिक दिसतो. बाकीचा भाग आयुष्य भरते: लहानपणीची मारहाण, कर्ज, एकटेपणा, दीर्घ आजार, बाळंतपण. गोव्यात बाळंतिणींचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होते, आणि आर्थिक ओढाताण, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याच्याशी संबंध दिसला. ओली बाळंतीण रडते आहे, हे "अंगावरचं दूध आहे, होतं असं" म्हणून सोडून देण्याआधी हे लक्षात असावे. पहिल्या काही दिवसांचे रडणे आपोआप ओसरते. ते दोन आठवड्यांपलीकडे गेले तर मात्र डॉक्टरांना सांगायला हवे.

"मन घट्ट कर, बाहेर पड, सगळं ठीक होईल"

या वाक्यात प्रेम आहे, पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की मी पुरेसा प्रयत्न करत नाही. या आजारात निर्णय घेण्याची, सुरुवात करण्याची, पुढचे काही चांगले कल्पिण्याची शक्तीच मंदावलेली असते. आंघोळीला उठणे हेसुद्धा मोठे काम होऊन बसते.

"बाहेर पड" या सल्ल्यात मात्र तथ्य आहे. ते नीट बेतून, कुणाच्या तरी सोबतीने आणि अगदी लहान मापाने केले, तर तोच एक उपचार होतो. त्यामागचा विचार सरळ आहे. उदास माणूस कामे आणि माणसे टाळू लागतो. टाळल्यामुळे समाधान देणारे जे थोडेफार उरले होते तेही आटते, उदासी वाढते आणि टाळणेही वाढते. हे चक्र तोडायचे तर मन लागेल तेव्हा करू म्हणून थांबता येत नाही. आधी कृती करावी लागते, मन मागून येते. समुपदेशक पेशंटबरोबर बसून ठरवतो की उद्या सकाळी अंगणात दहा मिनिटे बसायचे, परवा बहिणीला फोन करायचा. पुढच्या भेटीत काय जमले, काय अडले, हे पाहून पुढचे पाऊल ठरते.

याची मोठी कसोटी आपल्या शेजारीच, गोव्यात लागली. डॉ. विक्रम पटेल यांच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या 'संगत' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुमारे ५०० रुग्णांवर हा प्रयोग केला आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो प्रसिद्ध झाला. रुग्णांचे नैराश्य सौम्य नव्हते. समुपदेशकांकडे मानसोपचाराची कोणतीही पदवी नव्हती. त्यांना या कामापुरते प्रशिक्षण दिले होते आणि वरून देखरेख होती. सहा ते आठ भेटी, केंद्रात किंवा घरी. तीन महिन्यांनी ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांच्यातले ६४ टक्के लोक आजाराच्या मर्यादेबाहेर आले होते. फक्त नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. वर्षभरानेही फरक टिकून होता. मनोविकारतज्ज्ञ पुणे-मुंबईत एकवटलेल्या आपल्या राज्याला याहून उपयोगी बातमी कोणती असेल?

विदर्भातही असे काम झाले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाच्या उपक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले.

घरच्यांनी काय करावे, याचे एक चांगले उदाहरण सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटात आहे. २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ त्याला मिळाले, आणि त्याचे निर्माते मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. जगणे नकोसे झालेल्या तरुणाला त्यात सांभाळणारी माणसे त्याच्यावर प्रश्नांचा मारा करत नाहीत, सल्लेही देत नाहीत. ती जवळ राहतात, जेवायला वाढतात, वाट पाहतात. मात्र खऱ्या घरात याच्या जोडीला डॉक्टरकडे नेणेही हवे.

"गोळ्यांची सवय लागते"

ही समजूत सर्वांत हट्टी आहे, आणि तिला खऱ्या अनुभवाचा आधारही आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षे उदास माणसाला अल्प्राझोलामसारखी गोळी दिली गेली. तिने त्या रात्री झोप लागते, बरे वाटते, आणि काही आठवडे सतत घेतली तर खरोखरच सवय लागते. लोकांनी ते पाहिले आणि सगळ्याच गोळ्यांना ते लागू केले. नैराश्यावरची औषधे वेगळ्या जातीची आहेत. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुऑक्झेटीन यांनी नशा येत नाही, डोस वाढवत नेण्याची ओढ लागत नाही. अचानक बंद केली तर काहींना चक्कर, चिडचिड, अस्वस्थ झोप, अंगातून झिणझिण्या असा त्रास होतो. दीर्घकाळ घेतली असतील तर तो बरेच दिवसही टिकू शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात.

या औषधांची सुरुवात योगायोगाने झाली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधल्या एका क्षयरोग रुग्णालयात इप्रोनियाझिड हे औषध दिलेल्या रुग्णांचा उत्साह वाढलेला दिसला. परिणाम आधी सापडला, स्पष्टीकरण नंतर शोधले गेले. "मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय" हे आज ऐकू येणारे स्पष्टीकरण फार सोपे केलेले आहे, आणि तसे सरळ पुरावे मिळालेले नाहीत. त्यावरून औषधेही खोटी, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो चुकीचा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ५२२ चाचण्या आणि एक लाखाहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र केली होती. तपासलेली २१ च्या २१ औषधे दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मध्यम आहे, प्रचंड नाही. आजार सौम्य असेल तर बहुधा आधी समुपदेशन, नियमित व्यायाम, झोपेची शिस्त यांनीच सुरुवात करतात. आजार तीव्र असेल तर औषधाचे पारडे जड होते, आणि औषध व मानसोपचार दोन्ही एकत्र दिले तर एकट्या औषधापेक्षा गुण चांगला येतो.

उपचार कुठे तुटतात, ते इथे नीट पाहायला हवे. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, बेचैनी येऊ शकते; गुण दिसायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला सहा-आठ. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर. हे कुणी आधी सांगितलेच नसेल तर पेशंट दहाव्या दिवशी गोळी सोडतो आणि "औषध लागू पडलं नाही" असे सगळ्यांना सांगतो. दुसरी तूट बरे वाटल्यावर पडते. पहिल्यांदाच आजार झाला असेल तरी बरे झाल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते. आजार पुन्हा पुन्हा होत असेल तर अधिक. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना ते पुन्हा कधीतरी होते, त्यामुळे ही मुदत पाळणे फार मोलाचे आहे. कामेच्छा कमी होणे हा दुष्परिणाम बऱ्याच जणांना होतो आणि संकोचाने कुणी बोलत नाही. डॉक्टरांना सांगितले तर डोस किंवा औषध बदलता येते.

पहिलेच औषध सगळ्यांना लागू पडत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश रुग्णच पूर्ण बरे झाले. बाकीच्यांना बदल किंवा भर लागली. दोन सावधगिऱ्या तितक्याच खऱ्या आहेत. पंचविशीच्या आतल्या काही रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात घरच्यांनी लक्ष ठेवावे. आणि पूर्वी कधी झोपेविना अतिउत्साहाचे, बेफाम खर्चाचे दिवस येऊन गेले असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तो आजार द्विध्रुवी असू शकतो, आणि त्यात फक्त नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो.

"तिथे गेलं की शॉक देतात"

बहुतेक पेशंटना विद्युतउपचार कधीच लागत नाही. जेवणखाण बंद झाले आहे, जीव धोक्यात आहे किंवा औषधे हरली आहेत, अशा वेळी तो लागतो आणि अनेकदा वेगाने काम करतो. पेशंटला भूल आणि स्नायू सैल करणारे औषध देतात. त्यांशिवाय तो देणे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने निषिद्ध केले आहे. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होतात, त्यांतल्या बहुतेक परत येतात, काही येत नाहीत. हे आधी समजावून सांगणे डॉक्टरांचे काम आहे.

दाखवायचे कुणाला, हा प्रश्नही लोकांना अडवतो. औषध मनोविकारतज्ज्ञ देतात, कारण ते डॉक्टर असतात. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करावी. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास, मोफत, मराठीतही चालू आहे.

"विचारलं तर नसलेला विचार मनात येईल"

मरणाचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारल्याने आत्महत्येचा धोका वाढत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारले याने हलके वाटते. आडून विचारू नये. "जगणं नकोसं वाटतं का? काही करायचं ठरवलंयस का?" असे शांतपणे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे, वाद घालू नये. पोलीस केस होईल या भीतीने लोक लपवतात. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच २०१७ चा कायदा गृहीत धरतो, आणि तिला शिक्षेऐवजी उपचार द्यायला सरकारला बांधतो.

उत्तर "हो" असे आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. औषधांच्या पट्ट्या दुसऱ्याने स्वतःजवळ ठेवून रोजच्या रोज द्याव्यात. शेतकरी घरात फवारणीची औषधे घराबाहेर, कुलपात, आणि किल्ली त्या माणसाला न सापडेल अशी ठेवावी. टोकाचा क्षण बहुधा थोडा वेळ टिकतो, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर पुष्कळ काही ठरते.