माशापेक्षा माशी मोठी

गळाला बांधलेला कीटक

साध्या गळाला गांडूळ लावतात. फ्लाय-फिशिंगमध्ये आकड्यावर पिसं, केस आणि रेशीम बांधून खोटी माशी करतात. ती इतकी हलकी असते की नुसती फेकून लांब जात नाही. म्हणून वजन दोरीत असतं आणि लवचीक काठीने ती दोरीच हवेत मागेपुढे झुलवत पाण्यावर अलगद उतरवतात. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका पुस्तिकेत अशा १२ माश्यांचं वर्णन आहे. निसर्गाची नक्कल हाच ज्या छंदाचा पाया, त्यात चित्रकार आणि लेखक रमले याचं नवल नाही.

पिसांचा थाट

ट्राउट माशासाठीची माशी बहुधा खऱ्या कीटकाच्या रूपावर बेततात. सामन मासा मात्र अंडी घालायला समुद्रातून नदीत शिरला की जवळजवळ काही खातच नाही. तरी तो माशीवर झडप घालतो. का, यावर आजही वाद आहेत. नक्कल करायला नमुनाच नसल्याने व्हिक्टोरियन काळातल्या हौशी मंडळींना रान मोकळं मिळालं. जॉर्ज केल्सनच्या १८९५ मधल्या ‘द सामन फ्लाय’ या ग्रंथात दूरदेशीच्या पक्ष्यांच्या पिसांची नुसती उधळण आहे. या माश्यांसाठी आपल्या सह्याद्रीत आढळणारा करडा रानकोंबडाही कामी आला. त्याच्या मानेच्या पिसांवरचे मेणासारखे चकचकीत ठिपके माशीच्या दोन्ही बाजूंना बसवत. माशाला या श्रीमंतीचं काय कौतुक? ही नक्षी माणसासाठीच होती. आज अशा माश्या बांधून फ्रेममध्ये लावणाऱ्यांपैकी कित्येकजण त्या पाण्यात बुडवतही नाहीत.

या हौसेला काळी बाजूही आहे. २००९ मध्ये एका तरुण माशी-कारागिराने इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून पक्ष्यांचे २९९ जतन केलेले नमुने चोरले. त्यांतले काही निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेले होते. कर्क वॉलेस जॉन्सनचं ‘द फेदर थीफ’ (२०१८) हे पुस्तक याच चोरीवर आहे.

होमरची जलरंगचित्रं

अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर स्वतः गळ टाकणारा. ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरांतली त्याची जलरंगचित्रं पाहावीत: अंधारं पाणी, एकटी होडी आणि हवेत वळसा घेणारी दोरी. अशा रेषांसाठी तो वाळलेला रंग खरवडून खालचा पांढरा कागद उघडा करी. उसळी मारणारे ट्राउटही त्याने रंगवले, पण मला दोरीचीच चित्रं सरस वाटतात.

नदीकाठचे कथाकार

फ्लाय-फिशिंगवरच्या कथांच्या यादीत हेमिंग्वेची ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ (१९२५) हमखास असते. खरं तर तिचा नायक गळाला जिवंत नाकतोडे लावतो. कर्मठ मंडळी याला फ्लाय-फिशिंग म्हणणार नाहीत! युद्धावरून परतलेल्या माणसाची ही गोष्ट युद्धाचा उल्लेखही करत नाही.

नॉर्मन मॅक्लीन शिकागो विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक. निवृत्तीनंतर, वयाच्या ७३व्या वर्षी, त्यांचं ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ (१९७६) आलं. विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने छापलेलं हे पहिलंच नवं कथात्म पुस्तक. शीर्षककथेत मोंटानातली ब्लॅकफूट नदी आहे, पाद्री वडील आहेत आणि गळ टाकण्यात अतिशय निष्णात असलेला धाकटा भाऊ आहे. प्रत्यक्षातल्या भावाचा १९३८ मध्ये खून झाला होता. ज्याला मदत करायची तोच हाती लागत नाही, हे दुःख मॅक्लीन मासेमारीच्या काटेकोर तपशिलांतून सांगतात. रॉबर्ट रेडफर्डने १९९२ मध्ये त्यावर चित्रपट केला. छायाचित्रणासाठी चित्रपटाला ऑस्कर मिळालं आणि मोंटानाच्या नद्यांवर हौशी लोकांची गर्दी वाढली.